मामांची गाडी आणि सेहेचाळीस किलो तांदूळ

ज्याला गाडी चालवता येत नाही, शिकायची इच्छा नाही, ज्याने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नाही, अशा माणसाने एकामागून एक दहा आलिशान गाड्या नापास कराव्यात आणि त्यातल्या एकीचेही बॉनेट उघडून बघू नये, हा पराक्रम अख्ख्या गोव्यात एकाच माणसाच्या नावावर आहे, आणि तो माणूस दुर्दैवाने माझ्या सासरचा आहे. दुर्दैवाने अशासाठी म्हणतो, की त्या दहाही गाड्या चालवून पाहायचे काम माझ्याकडे होते. मी पेडण्याच्या एका हायस्कुलात गणित शिकवतो, माझ्याकडे एक लहानशी गाडी आहे, आणि रविवारी दुपारी जेवून आडवे होणे हा माझ्या दृष्टीने आठवड्याचा मुख्य कार्यक्रम असतो. माझ्या बायकोच्या या मामांनी सलग आठ महिन्यांचे रविवार, काही गाड्या चालवण्यात आणि बाकीचे त्या शोधण्यात, माझ्याकडून काढून घेतले. घेताना मात्र मोठ्या अदबीने घेतले. भाचीचा नवरा म्हणून ते मला कधी अरे-तुरे करत नाहीत. "मास्तर, गाडी तुमी मारतलात. मी बसतलो," असे ते पहिल्याच दिवशी म्हणाले, आणि कामाची ही वाटणी त्यानंतर कधीच बदलली नाही.

मामांनी तीस वर्षे डिचोलीकडच्या एका खाणीवर काट्यावर नोकरी केली. खनिजाने भरलेला ट्रक काट्यावर चढायचा, मामा वजन लिहायचे. ट्रक रिकामा होऊन परत आला की पुन्हा वजन. या रिकाम्या वजनाला काट्यावर टेअर म्हणतात. भरल्या वजनातून टेअर वजा केला की खरा माल किती ते कळते. तीस वर्षे हेच केल्यामुळे मामांच्या डोळ्यांतच काटा बसला आहे. समोर माणूस आला की आधी त्यांना त्याचे वजन दिसते, मग तो कोण आहे ते. माझ्या लग्नात मुंडावळ्या बांधून मी बोहल्यावर उभा राहिलो, तेव्हा सासरच्या मंडळींत कुणी माझे नाक बघत होते, कुणी नोकरी. मामांनी मला पायांपासून वरपर्यंत एकदा पाहिले आणि शेजाऱ्याला सांगितले, "सदुसष्ट. हार आनी मुंडावळ्यो वजा केल्यार सासष्ट." दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वजन करून पाहिले. सासष्टच भरले. त्यांच्याकडे जेवायला जाणे हा एक वेगळाच अनुभव असतो. पाहुणा आत येताना ते एक नजर टाकतात, हात धुऊन बाहेर येताना दुसरी, आणि पान खाताना प्रेमाने म्हणतात, "एक किलो दोनशे जेवलात. बरां जालां." आळीतल्या बायका तान्ही बाळे त्यांच्याकडे दाखवायला आणत. मामा बाळाला हातात न घेता सांगत, "तीन किलो नवशे, लंगोट धरून," आणि लंगोट कोरडा आहे की ओला, हे विचारायला कधी विसरत नसत.

या नोकरीपायी मामा सोमवारी पहाटे पेडण्याहून जायचे ते शनिवारी संध्याकाळी उगवायचे. आता गंमत अशी, की मामींचे माहेर शिरगावचे, म्हणजे मामांच्या काट्यापासून अगदी हाकेच्या अंतरावर. खाणीवर जेवणाची सोय धड नव्हती, तेव्हा मेव्हण्याने आग्रह केला आणि मामा रोज दुपारी शिरगावला सासरी जेवू लागले. रोज म्हणजे तीस वर्षे. इकडे मामी पेडण्यात सासूचे दुखणे, दोन गाई, काजूची बाग आणि तीन मुले सांभाळत बसलेल्या. त्यांना माहेरी जायला मिळायचे वर्षातून एकदा, वैशाखात लईराईच्या जत्रेला. जत्रा झाली की देवीचा कळस गावात घरोघर येतो, त्या दिवशी माहेरवाशिणीने दारात उभे राहायचे, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने परत. माहेरच्या फणसाला यंदा किती फणस लागले, हे मामींना मामांकडून कळायचे. मामा कधीतरी खुलून बसले की स्वतःच सांगतात, "तिचां मायेर, मास्तर, आनी जेवलो मी." सांगताना हसतात, पण ते हसू फार वेळ टिकत नाही.

मामा निवृत्त होऊन घरी आले, आणि त्याच पावसाळ्यात मामी मागीलदारी शेवाळावरून घसरून पडल्या. खुब्याचे हाड मोडले, ऑपरेशन झाले, काठी आली. डॉक्टरांनी बजावले, चाला, फिरा, पण धक्का बसता कामा नये. पुढच्या जत्रेला मी मोठ्या उत्साहाने माझी गाडी काढली, उशा लावल्या आणि मामींना घेऊन निघालो. आम्ही धारगळपर्यंत पोचलो. मामी एक शब्द बोलल्या नाहीत. खिडकीवरची मूठ धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते. मामांनी ते पाहिले आणि मला गाडी वळवायला सांगितली. घरी आल्यावर मामी ओसरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "जांवदी. फुडें मी हांगासूनच देवीक हात जोडतलंय." एवढे बोलून त्या उठल्या आणि काठी टेकत चुलीकडे गेल्या. मामा अंगणात उभे राहून माझ्या गाडीकडे अशा नजरेने पाहत होते, की मला तिची नव्हे, माझीच लाज वाटली.

त्यानंतर लगेचच खाणी बंद पडल्या. डिचोलीच्या रस्त्यांना कडेकडेने ट्रकांच्या रांगा उभ्या राहिल्या, त्यांच्या टपांवर वेली चढल्या, आणि बऱ्या दिवसांत ज्यांनी मोठमोठ्या गाड्या घेतल्या होत्या, त्यांनी त्या हळूच विकायला काढल्या. मामांनी जाहीर केले, "माका एक बरी, मोठी, जुनी गाडी घेवची आसा. माजी कंबर दुखता." मामांची कंबर जन्मात कधी दुखली नव्हती. हे त्यांना ठाऊक, आम्हाला ठाऊक, मामींनाही ठाऊक. निवृत्तीचे आलेले पैसे त्यांनी कशासाठी राखून ठेवले होते, ते सगळ्यांना कळले.

पहिल्याच रविवारी मी त्यांना घ्यायला गेलो, तर अंगणात एक गोणी उभी. आत उकडे तांदूळ, बाहेर खडूने मोठ्या अक्षरांत "४६" लिहिलेले, काट्यावर लिहायचे तसे. पसरकाराच्या, म्हणजे वाण्याच्या दुकानात दोनदा वजन करून, गोणीचा टेअर वजा करून आणली होती. मामींचे वजन सेहेचाळीस. शेजारी पेजेचा लोटा आणि एक स्टीलचा पेला. मामांची रीत अशी: ती गोणी गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या बाजूला बसवायची, तिला पट्टा बांधायचा, वरच्या बाजूला मुठीने खळगा करून त्यात पेला रोवायचा, पेला काठोकाठ पेजेने भरायचा, आणि मग मी शिरगावच्या वाटेवर गाडी मारायची. ट्रकांनी उखडलेला तो रस्ता मामांना पाठ होता. पेज सांडली की गाडी नापास. गाडी विकणारा वेग सांगायचा, इंजिनाची ताकद सांगायचा. मामा शांतपणे म्हणायचे, "इंजिनाक कोण बसता? मागची सीट दाखया."

म्हापशाच्या एका हॉटेलवाल्याची जर्मन गाडी मला प्रथमदर्शनीच आवडली होती. तिच्यात इतकी बटणे होती, की माझ्या नववीच्या वर्गाला एकेक वाटले असते तरी उरली असती. मामांनी गोणी बांधली, पेला भरला, आणि मालकाने कौतुकाने एक बटण दाबले. मागची सीट आपोआप बसणाऱ्याची पाठ चोळू लागली. गोणी गदगदा हलली आणि गाडी जागची हलण्याआधीच पेज भळाभळा सांडली. मालक म्हणाला, "मसाज आसा, मसाज!" मामांनी खिशातून फडके काढून सीट पुसली आणि म्हणाले, "उबी आसताना हाडां हालयता, ती चलताना कितां करतली?" परतीच्या वाटेवर मी त्यांना समजावले की ते बटण बंदही करता येते. "मास्तर, जां बटन बंद करूक लागता, तां दिलां कित्याक?"

डिचोलीच्या एका कंत्राटदाराची पांढरीशुभ्र गाडी तर जवळजवळ ठरलीच होती. कंत्राटदार मामांना काट्यापासून ओळखत होता. त्याने देवाची शपथ घेऊन सांगितले, की गाडी खाणीत कधीच गेली नाही. बायको तेवढी देवळात जायला वापरायची. मामांनी मान डोलावली, मागच्या सीटचा पट्टा धरला आणि हळूहळू बाहेर ओढत गेले. ओढत ओढत शेवटच्या टोकाला आले, तर ते टोक तांबडेलाल. पट्टा रोज थोडाच बाहेर येतो. खाणीची धूळ आतल्या टोकाला जाऊन बसते आणि तिथून ती कुणी धूत नाही. मामांनी ते टोक कंत्राटदाराच्या हातात ठेवले आणि अगदी आदराने विचारले, "बाय देवळाक खाणीतल्यान जाय काय?" कंत्राटदार आधी गोरामोरा झाला, मग खो खो हसत सुटला, आणि आम्हाला चहा पाजल्याशिवाय त्याने सोडले नाही. निघताना त्याने दारातल्या आपल्या सहा बंद ट्रकांकडे बोट दाखवून विचारले, "काटेकार, ह्यांचां वजन सांगशात?" मामा म्हणाले, "रिकाम्या ट्रकाचां वजन सगळ्यांत जास्ती, बाबा."

तिसरी एक गाडी हवेवर तरंगते म्हणून तिची ख्याती. ती खरोखरच तरंगली, पेजेला लाटसुद्धा आली नाही, आणि मी मनातल्या मनात माझे रविवार परत मिळाल्याचा आनंद साजरा केला. पण मामांनी मालकाला सांगितले, आम्ही उद्या सकाळी पुन्हा येऊ, तोवर गाडी चालू करू नका. सकाळी जाऊन पाहतो तर गाडीतली हवा गेलेली आणि ती अंगणात म्हशीसारखी बसलेली. मालक म्हणाला, चालू केली की उठते. मामा म्हणाले, "आनी एक दीस उठलीच ना तर? शिरगावात अडकान पडतली ती. परत कोण हाडतलो तिका?" तेव्हा माझ्या लक्षात आले, की मामांना आराम हवा होता, पण त्याहून जास्त भरवसा हवा होता. मामी निघाल्या की पोचल्या पाहिजेत, आणि पोचल्या की परतही आल्या पाहिजेत. त्या दिवसापासून मी रविवारच्या झोपेबद्दल तक्रार करणे बंद केले. निदान मोठ्याने.

अकरावी गाडी डिचोलीतल्या एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची. जपानी, राखाडी, बारा वर्षांची, दिसायला इतकी साधी की तिच्या शेजारून चालत गेलो तरी मला ती दिसली नाही. बाईंनी ती स्वतः चालवलेली, आणि प्रत्येक दुरुस्तीचा कागद बिस्किटांच्या डब्यात तारखेने लावलेला. पट्ट्याचे टोक पांढरेस्वच्छ. इंजिन इतके मुके, की चालू असतानाच मी पुन्हा किल्ली फिरवली आणि गाडीने केलेला निषेध ऐकून ओशाळलो. शिरगावच्या वाटेवर सगळ्यांत वाईट खड्ड्यांतून गाडी गेली. पेज पेल्यात डुलली, काठाला टेकली आणि परत जागेवर गेली. मामांनी मला तो तुकडा तीनदा फिरवायला लावला. मग अंगणात परत आल्यावर त्यांनी पेला उचलला, डोळे मिटले आणि सगळी पेज एका दमात पिऊन टाकली. इतके महिने दर रविवारी ती पेज कुणाच्या तरी माडाच्या मुळात ओतली जात होती. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "सेहेचाळीसच किलो का हो?" मामा म्हणाले, "घरकान्न, बायल माजी. खुब्याचां हाड मोडलां तिचां." बाई एकदम आत गेल्या आणि एक चपटी उशी घेऊन आल्या. "खुब्याखाली नको, पाठीला लावा," म्हणाल्या. तिचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

जत्रा झाली, आणि कळस घरी यायचा त्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. मामी नऊवारी नेसून, अबोलीचा वळेसार माळून ओसरीवर आल्या. दोन वर्षांनी माहेरी निघालेल्या बाईचा चेहरा मी काय वर्णन करणार! मामांनी मोठ्या ऐटीत मागचे डावे दार उघडले, उशी नीट लावली आणि बाजूला झाले. मामी गाडीपर्यंत आल्या, आत डोकावल्या आणि म्हणाल्या, "मागे? मी मागे बसना. मागे बसल्यार माका ओकारी येता."

माझी बायको म्हणाली, "अहो मामा, मामी नेहमी पुढेच बसतात. बसमध्येसुद्धा ड्रायव्हरच्या मागची पहिली सीट धरतात." मुलांना ठाऊक, सुनेला ठाऊक, शेजारणीला ठाऊक. फक्त मामांना आणि मला ठाऊक नव्हते. धारगळच्या त्या फेरीत मामींच्या ओठांचा रंग नुसत्या हाडाच्या दुखण्याने गेला नव्हता, हे आम्हाला आत्ता कळले. मी उशा रचून त्यांना मागे बसवले होते आणि त्या संकोचाने बोलल्या नव्हत्या. संसाराला चाळीस वर्षे होत आली, पण आठवड्यातले सहा दिवस मामा काट्यावर. मामींबरोबर त्यांनी प्रवास केला तो किती? आठ महिने त्यांनी तांदळाला जपले होते, सगळे वजन-माप बिनचूक केले होते, फक्त जिला बसायचे होते तिला कुठे बसणार हे विचारले नव्हते.

मामांचा चेहरा उतरला. "फुडल्या सीटीचो तपास जावंक ना," ते म्हणाले. "आज नको. आयतारा मास्तरांक घेवन गोणी फुडें बसयतंय, मागीर जांवया." म्हणजे पुढल्या रविवारी. आणि कळस तर आज येणार होता. मामी क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग काठी माझ्या बायकोच्या हातात दिली, पुढचे दार स्वतः उघडले, सावकाश आत बसल्या, डॉक्टरीणबाईंची उशी मागवून पाठीला लावली आणि म्हणाल्या, "मी काय तांदूळ न्हय. दुखलां तर सांगतंय. बसा मागे, आनी दार धांपा."

मामा बसले, मागे, डाव्या बाजूला, गोणीच्या जागेवर. आणि सवयीने हातात पेजेचा भरलेला पेला. पार धारगळ मागे पडेपर्यंत ते श्वास रोखून होते. कोलवाळचा पूल गेला, म्हापसे गेले, अस्नोडा आले. मामी मला रस्त्याकडेचे काजू दाखवत होत्या, कुणाच्या घराला नवी कौले घातली ते सांगत होत्या, आणि बोलता बोलता त्यांची मान कलली. मामांनी घाबरून पुढे वाकून पाहिले आणि पेलाभर पेज स्वतःच्या नव्या लेंग्यावर ओतून घेतली. मामी झोपल्या होत्या. ओठांवर रंग होता. "सवकास, मास्तर," मामा कुजबुजले, "जागी जातली." सगळ्यांत वाईट खड्डे मी असे पार केले, की माझे विद्यार्थी पाहते तर त्यांना आपले मास्तर ओळखू आले नसते.

शिरगावात मामींच्या भावाने त्यांना हात धरून उतरवले. कळस दारात आला, मामींनी ओवाळले, त्या रडल्या, हसल्या, भावजयीला धरून फणसाखाली जाऊन आल्या. पंक्ती बसल्या तेव्हा मेव्हण्याने मामांना त्यांच्या नेहमीच्या पाटावर बोलावले. मामा लेंग्यावर पेजेचा डाग घेऊन ओसरीवरच बसून राहिले. "आज तिचां मायेर. ती जेवंदी," म्हणाले. मामी जेवून उठल्या, बाहेर आल्या, मगच ते आत गेले. जाताना त्यांनी मामींवर एक नजर टाकली आणि मला म्हणाले, "नवशे ग्राम." इतक्या आनंदाने सांगितलेले वजन मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते.

आता या गोष्टीला बरीच वर्षे झाली. गाडी अजून तीच आहे, मामींची शिरगावची फेरी एकदाही चुकलेली नाही, आणि जत्रेआधीचा रविवार मी मामांना कायमचा देऊन टाकला आहे. पावसात रस्ता दर वर्षी बदलतो, म्हणून गोणीची तपासणी दर वर्षी होते. गोणी आता पुढे बसते. खडूचा आकडाही नव्याने लिहिला जातो, जुना नुसता काट मारून ठेवतात. सेहेचाळीसवर काट, खाली चव्वेचाळीस. त्यावर काट, खाली एक्केचाळीस. यंदा मी गोणी उचलायला वाकलो आणि ती एका झोक्यात वर आली. खडूने अडतीस लिहिले होते. मी मामांकडे पाहिले. ते पेला पुसत होते. "जुनो तांदूळ, मास्तर," ते म्हणाले, "सुकता." मग पट्टा बांधून झाल्यावर त्यांनी तो दोनदा ओढून पाहिला. "औंदा आनीक सवकास मारा. हलकां आसता तां जास्ती उडता. मी काट्यार बगलां."

मी सावकाश चालवली. पेज सांडली नाही. घरी आल्यावर मामांनी पेला उचलला, पण यंदा ते स्वतः प्यायले नाहीत. आत गेले आणि मामींच्या हातात दिला. मामी नको नको म्हणत सगळी पेज प्यायल्या, पदराला तोंड पुसले आणि पेला परत केला. मामा दारात उभे राहून त्यांच्याकडे पाहत होते. मग माझ्याकडे वळले.

"तीनशे ग्राम वाडली," म्हणाले.